डावा खांदा

सांगलीतल्या त्या हॉस्पिटलात समीक्षा सिस्टर येताना दिसली की वॉर्डातल्या पोरी आधी एकमेकींकडे बघून हसायच्या आणि मग पेन शोधायला लागायच्या. आयसीयूतला पेशंट वॉर्डात पोचवायला ती आली, की नुसतं "घ्या बाई तुमचा पेशंट" म्हणून कुणाची सुटका नसायची. सलाईन कुठलं, किती वाजता लावलं, लघवी किती झाली, कुठल्या इंजेक्शननं अंगावर पित्त उठतं, रात्री झोप लागली का, सगळं सांगून झालं की ती समोरचीला म्हणायची, "आता तू मला सांग." मास्तरांनी पाढे म्हणून घ्यावेत तसं. एखादीचं एक औषध चुकलं, तर पुन्हा पहिल्यापासून. ट्रॉलीवरचा पेशंटसुद्धा कधी कधी कंटाळून म्हणायचा, "जाऊ द्या की आता त्यांना."

ही खोड तिच्यात आली ती घरातूनच. समीक्षा मूळची आटपाडीकडची, मेंढपाळाच्या घरातली. तिचे वडील चार दिवसांसाठी कळप भावाच्या ताब्यात द्यायचे तेव्हा एकेका जनावराजवळ उभे राहायचे. ही मागच्या पायानं अधू, हिला कोवळं गवत सोसत नाही, ही पिल्लू जवळ घेत नाही. शेवटचं मेंढरू सांगून होईपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत. पोरगी पलूसला आत्याकडे राहून शिकली, नर्सिंगला गेली, वस्तीवरची पहिली सिस्टर झाली, पलूसलाच ट्रॅक्टरचं गॅरेज असलेल्या माणसाशी लग्न करून राहिली. चौतीस वर्षांची झाली तरी सांगण्याची रीत बापाचीच राहिली. आता रीत चांगली असली म्हणून माणूस चुकत नाही असं थोडंच आहे!

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. आयसीयूत आप्पासो दाखल झाले. वय बासष्ट, गाव पूर्वेकडचं, कोरड्या माळावरचं. सुगीनंतर दरवर्षीसारखी मेंढरं घेऊन नदीकाठच्या मुलखात उतरलेले, वसगड्याजवळच्या एका रानात तळ टाकलेला. तिथं त्यांच्याच कळपातल्या एडक्यानं डाव्या बरगडीवर धडक दिली. बरगड्यांखाली डाव्या अंगाला पाणथरी, म्हणजे प्लीहा असते, तिला चीर गेली होती. चीर लहान होती, रक्त आपोआप थांबलं होतं. ऑपरेशन नको, पण तीन दिवस डोळ्यांत तेल घालून बघा, असं सर्जन सरांनी सांगितलं. आप्पांना दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटत होती.

"पन्नास वर्सं मेंढरं राखली आन् माज्याच एडक्यानं मला पाडलं. गावात तोंड कसं दावू?" ते म्हणाले.

"एडक्याचं तोंड बघा आधी कसं झालंय ते," समीक्षा म्हणाली. आप्पा हसायला गेले आणि बरगडी धरून कळवळले.

त्यांची बायको भामाबाई पहिल्या दिवशी आयसीयूच्या दाराला चिकटून उभी होती. दार उघडलं की आत घुसायची, वॉचमन बाहेर काढायचा. दुसऱ्या दिवशी तिनं समीक्षाला हटकलं. "तू कुठली गं? कुणाची?" समीक्षानं सांगितलं. दोन आडनावं, तीन गावं आणि एका मेलेल्या चुलत्याचा हिशेब झाला आणि समीक्षाची आत्या भामाबाईच्या नणंदेच्या घरात दिलेली निघाली. म्हातारीच्या तोंडावरची सुरकुती अन् सुरकुती सैल झाली. "आगं, मग आपल्यातलीच की तू!" म्हणाली, आणि दारातनं उठून जी पायरीवर जाऊन बसली ती पुन्हा आत डोकावली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सरांचा राउंड झाला. आप्पांना दुपारी वॉर्डात हलवायचं ठरलं. दहाच्या सुमाराला समीक्षा नाडी बघत होती, तेव्हा आप्पा म्हणाले, "पोरी, डावा खांदा जरा ठणकतोय गं."

समीक्षा हसली. "आप्पा, मेंढक्याचा खांदा दुखला न्हाई असं कवा झालंय व्हय? जन्मभर घोंगडं आन् काठी टाकलीया त्याच्यावर. माझ्या बापाचाबी दुखतोय."

"त्येबी खरंच," आप्पा म्हणाले.

नाडी शहाण्णव होती. आदल्या दिवशी चौऱ्याऐंशी होती. तिनं आकडा कागदावर मांडला. खांद्याचं मांडलं नाही. मांडायचं काय त्यात? शेतकऱ्याच्या टाचेला भेगा आहेत असं कुणी केसपेपरवर लिहितं का?

सव्वा वाजता ट्रॉली आयसीयूच्या दारातून बाहेर निघाली आणि समोर जत्रा उभी. वसगड्याच्या तळावरची सगळी माणसं, गावाकडून टेम्पो करून आलेली भावकी, मिळून वीस-पंचवीस जण. माणूस आयसीयूतून बाहेर आला म्हणजे वाचला, एवढा साधा हिशेब. आप्पांच्या मुलानं, मल्हारनं, पिशवीत हात घातला आणि मूठभर भंडारा बापाच्या कपाळावर, गालांवर, गळ्यावर फासला. मागून आणखी चार हात आले. आप्पा केसांपासून छातीपर्यंत पिवळेधमक झाले. दुसऱ्या कुणाच्या पेशंटला असं केलं असतं, तर समीक्षानं वॉचमनला हाक मारली असती. इथं तिनं तोंड फिरवून हसू लपवलं. मल्हारनं तिच्याही कपाळाला बोट लावलं, ते तिनं लावून घेतलं.

वॉर्डात अंकिता होती. उंब्रजची पोरगी, नोकरीला वर्ष झालेलं, हुशार, पण समीक्षाला वचकून असायची. समीक्षानं सगळं सांगितलं. औषधं, सलाईन, बेडवरून उठू द्यायचं नाही, नाडी आणि बीपी तासा-तासाला, पोट फुगलं किंवा दुखलं तर लगेच फोन. मग म्हणाली, "आता तू." अंकितानं एका दमात सगळं परत म्हणून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. समीक्षाला बरं वाटलं. कुणाला सहसा न म्हणणारी ती "शाब्बास" म्हणाली आणि सही करून गेली.

पण जे सांगितलंच नाही, ते परत कोण म्हणणार?

दोनला ड्युटी संपली. अडीचची पलूसची एसटी मिळाली, खिडकीही मिळाली. माधवनगर गेलं. नांद्रे यायच्या अलीकडे गाडी थांबली. रस्त्यावरून मेंढरं चालली होती आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. कळपामागून एक म्हातारा निवांत चालला होता. उजव्या खांद्यावर घडी घातलेलं घोंगडं, त्यावरच आडवी काठी, डावा हात मोकळा. त्या हातानं तो मागे राहिलेल्या कोकराला पुढे ढकलत होता.

समीक्षा बघत राहिली. वडिलांचा कुठला खांदा दुखतो? उजवा. दरवर्षी थंडीत ती ज्याला तेल चोळते तो उजवाच. आप्पासुद्धा चहाची कपबशी उजव्या हातानंच धरायचे. आणि तीन दिवस हा माणूस पाठीवर पडून आहे, ना घोंगडं ना काठी. मग खांदा आज सकाळीच कसा ठणकायला लागला? तोही डावा?

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकलेली ओळ समोर उभी राहिली. पाणथरीतून रक्त सुटलं आणि छाती-पोटामधल्या पडद्याखाली साठलं की दुखणं पोटात कळत नाही, डाव्या खांद्यात निघतं. परीक्षेत तिनं हे लिहिलं होतं, गुणही मिळवले होते. आणि सकाळी दहा वाजता पेशंटनं आपल्या तोंडानं सांगितलं, तर ती हसली होती.

तिनं वॉर्डाचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा अंकितानं उचलला.

"समीक्षाताई, नवीन अॅडमिशन आलंय, गडबडीत आहे. बोला."

"आप्पा कसे आहेत?"

"छान झोपलेत. एवढ्या गर्दीनं दमले असतील."

"नाडी?"

"दोनला एकशे चार होती. सगळे भेटायला आलेले, आनंदानं वाढली असेल म्हटलं. तीनची घ्यायचीय."

"अंकिता, आत्ता घे. त्यांना जागं कर. डावा खांदा दुखतोय का विचार आणि सरांना फोन कर. आत्ता, अंकिता!" पलीकडे कुणीतरी तिला हाक मारत होतं. "हो ताई, घेते," एवढं आलं आणि फोन बंद झाला. ते 'घेते' आत्ताचं होतं की मघाच्या कामानंतरचं, ते समीक्षाला कळेना.

"थांबवा!" ती ओरडली. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, गाडी थांबलेलीच हाय." ती उतरली आणि मेंढरांच्या मधूनच पलीकडे गेली. सांगलीकडे जाणाऱ्या वडापच्या जीपला तिनं हात केला. जीपमध्ये आधीच तेरा जण होते, चौदावी ती झाली. गाडी दर फाट्यावर थांबत होती, माणसं सावकाश उतरत होती. एक बाई तर उतरून पुन्हा पिशवी घ्यायला वर चढली. समीक्षाला त्या पिशवीसकट तिला ढकलून द्यावंसं वाटलं. वाटेत ती सर्जन सरांना फोन लावत होती. ते दुसऱ्या पेशंटच्या ऑपरेशनमध्ये होते, फोन बंद.

हॉस्पिटलात पोचली तेव्हा साडेतीन वाजत आले होते. ती जिना चढून वॉर्डात शिरली. आप्पा पडलेले, डोळे मिटलेले. भामाबाई पायाशी बसलेली आणि भोवती भावकी हळू आवाजात बोलत होती. अंकिता नुकतीच बीपीचा पट्टा गुंडाळत होती. तिचा चेहरा उतरला होता. "ताई, नाडी एकशे अठ्ठावीस. बीपी नव्वद. खांदा दुखतोय म्हणतात. आत्ताच सरांना कळवायला माणूस पाठवलाय. मला आधी... तोंडावरून काही कळलंच नाही हो."

तोंडावरून कळणार कसं? ओठ तंबाखूनं मुळातच काळे, बाकी सगळं भंडाऱ्याखाली. समीक्षानं सलाईनच्या पाण्यात कापूस भिजवला आणि आप्पांच्या गालावरून फिरवला. हळद निघाली, पण खाली माणसाचा रंग नव्हता. पापणी ओढून बघितली, आत पांढरीफटक.

"आप्पा!"

"पोरी, आलीस व्हय," आप्पा डोळे न उघडता पुटपुटले. "थंडी वाजतीया."

मग सगळंच धावपळीचं. दुसरी सुई, सलाईन पिळून आत सोडलं, रक्तासाठी नमुना पाठवला. वॉर्डच्या इनचार्ज क्रांती मॅडम आल्या. त्यांनी समीक्षाला कोपऱ्यात ओढलं. "तू परत कशी आलीस?"

समीक्षानं खांद्याचं सांगितलं. मॅडमनी दाराकडे बघितलं. बाहेर पंचवीस माणसं उभी होती आणि आतली गडबड त्यांना दिसायला लागली होती. गेल्याच वर्षी एका पेशंटच्या नातेवाइकांनी खालच्या मजल्याच्या काचा फोडल्या होत्या, एका ब्रदरच्या डोक्याला सहा टाके पडले होते. मॅडम वाईट बाई नव्हत्या, त्यांना आपल्या पोरी जपायच्या होत्या.

"हे बघ," त्या हळूच म्हणाल्या, "आता खांदा दुखतोय हे अंकिताला कळलंय, ते कागदावर आलंय. साडेतीनची नोंद. सकाळचं तुला आणि त्या म्हाताऱ्याला सोडून कुणाला माहीत नाही. गप्प राहा."

समीक्षा गप्प राहिली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी तिला ते पटलंही. माणूस ताब्यात आला आहे, इलाज सुरू झाला आहे, मग सकाळचं उकरून कुणाचं भलं होणार? नोकरी गेली तर पुन्हा कोण ठेवून घेईल?

सर्जन सर ऑपरेशनचा हिरवा गाऊन तसाच घालून आले. तोवर सलाईननं बीपी शंभरवर आलं होतं. सरांनी पोट दाबून बघितलं, कागद बघितला. "खांदा साडेतीनपासून. बीपी साथ देतंय. खाली नेऊन सीटी काढू, किती रक्त आहे बघू, मग ठरवू. पाऊण तास लागेल." ते वळले आणि रीतीप्रमाणे विचारलं, "आयसीयूतून निघताना काही तक्रार होती? खांद्याची वगैरे?"

अंकिता म्हणाली, "नाही सर, हँडओव्हरमध्ये तसं काही नव्हतं." ती खरंच बोलत होती. तिनं आशेनं समीक्षाकडे बघितलं, ताईंनी मान हलवावी म्हणून.

क्रांती मॅडम समीक्षाकडे बघत होत्या. पलंगाच्या पलीकडे मल्हार उभा होता, बापाचा हात धरून. सीटी खालच्या इमारतीत. न्यायचं, चढवायचं, उतरवायचं, आणायचं. समीक्षाला एकदम कळलं, की ही साडेतीनची नोंद म्हणजे नुसती तिची अब्रू नाही. रक्त आत्ता सुटलंय असं धरून सर पाऊण तास वाट बघणार होते. सकाळपासून झिरपतंय हे कळलं तर बघणार नव्हते.

"सर, दहापासून," ती म्हणाली. "सकाळी दहा वाजता त्यांनी मला सांगितलं, डावा खांदा दुखतोय. तेव्हा नाडी शहाण्णव होती, कालच्यापेक्षा बारानं जास्त. मी लिहिलं नाही. अंकिताला सांगितलं नाही. घोंगड्यामुळे दुखत असेल असं वाटलं मला."

सरांनी तिच्याकडे बघितलं, रागानं म्हणावं तर रागही नव्हता. मग ते अंकिताला म्हणाले, "सीटी रद्द. ओटीला कळवा, आत आहे त्याचं ऑपरेशन संपतंय, हा लगेच घेतोय. रक्त थेट वर मागवा." आणि ट्रॉली हलली. ऑपरेशन थिएटरच्या दारात समीक्षानं आप्पांना तिथल्या ब्रदरच्या ताब्यात दिलं आणि पुन्हा सगळं सांगितलं, दहा वाजल्यापासून, खांद्यापासून. आतलं दार बंद झालं.

मल्हार तिच्या मागेच होता. "धा वाजता तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"आन् तुमी ड्युटी करून घरला गेला?"

"व्हय."

त्याच्या मुठी वळल्या. मागची चार माणसं पुढे आली. वॉचमन धावला. समीक्षा जागची हलली नाही. धीर होता म्हणून नाही, पाय उचलत नव्हते म्हणून. भामाबाईनं मल्हारचा दंड धरला. "आत त्यो जीव कुनाच्या हातात हाय ते बग आदी," ती म्हणाली. "बस खाली." पोरगा बसला. बाकीचेही भिंतीला टेकले.

पावणेदोन तास गेले. समीक्षा बाकाच्या एका टोकाला आणि भामाबाई दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा. सहाला सर बाहेर आले. पाणथरी काढावी लागली, पोटात दीड लिटर रक्त होतं, चार पिशव्या चढवल्या, माणूस आहे. "सीटीला नेला असता तर टेबलापर्यंत आला नसता," ते मल्हारला म्हणाले आणि जाता जाता समीक्षाला म्हणाले, "उद्या लेखी द्या सगळं."

माणसं हात जोडू लागली, रडू लागली. समीक्षा उठून भामाबाईसमोर जाऊन उभी राहिली. माफी मागायची होती. म्हातारीनं वर बघितलं.

"पयल्या दिशी मी दारातनं हलत नव्हते," भामाबाई म्हणाली. "जी यील तिला इच्यारत हुते, काय दुखतंय त्येंला, कुठं दुखतंय. मग तू घावलीस. म्हटलं, आता आत आपलं माणूस हाय. तीन दिस मी त्या पायरीवर निवांत बसले पोरी. एकदाबी इच्यारलं न्हाई. दुसरी कुनी आसती, तर इच्यारलं आसतं."

तिच्या बोलण्यात शिवी नव्हती, शाप नव्हता. मल्हारनं मारलं असतं तर बरं झालं असतं, असं समीक्षाला वाटलं. ती तिथंच, सगळ्यांसमोर, तोंडावर हात घेऊन रडली.

तिला मेमो मिळाला. तिनं दोन पानं लिहून दिली, त्यात कुणाचं नाव पुढे केलं नाही. नोकरी राहिली. आप्पांना पुन्हा आयसीयूतच ठेवलं होतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती तिथं हजर झाली, तेव्हा वॉचमन वैतागून म्हणाला, "मॅडम, ती म्हातारी पहाटेपासून दार वाजवतीया. अर्ध्या अर्ध्या तासाला. सांगा तिला कायतरी."

"वाजवू दे," समीक्षा म्हणाली. "आणि दर वेळी उघडायचं."

ती बोलतेय तोवर दार वाजलं. समीक्षानंच उघडलं. भामाबाई समोर उभी होती. तिनं ओळख दाखवली नाही, कुणाची कोण हे काही काढलं नाही. पहिल्या दिवशी कुठल्याही सिस्टरला विचारायची तसंच विचारलं.

"सिस्टर, माझ्या मालकांना काय दुखतंय? कुठं दुखतंय? त्येंलाच इच्यारून या आन् मग मला सांगा."

समीक्षा आत गेली आणि आप्पांच्या उशाशी वाकली.